चोर घरात शिरला तर हात कुठवर उचलायचा?

मे महिन्यात लोक गावाला जातात, बिल्डिंगमधली निम्मी दारं कुलूपबंद असतात आणि जून उजाडला की या सदराकडे घरफोडीची पत्रं यायला लागतात. दरवर्षी विचारणा असते ती विम्याची, नाहीतर पोलिसांनी पकडलेले दागिने कोर्टातून सोडवून कसे आणायचे याची. यंदा मात्र बहुतेकांनी एकच विचारलंय, चोर समोर आलाच तर मी काय करू शकतो आणि केलं तर मीच आत जाईन का? ठाण्याच्या कोर्टात इतकी वर्षं फौजदारी केसेस चालवतेय, त्यामुळे ही भीती मला चांगली माहितीय, आणि ती पूर्ण खोटी नाही पण पूर्ण खरीही नाही. म्हणून या वेळचं अख्खं सदर याच विषयाला दिलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. १ जुलै २०२४ पासून जुना आयपीसी गेला, त्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची कलमं आधी ९६ ते १०६ होती ती आता ३४ ते ४४ झालीयत, आतला मजकूर जवळपास तोच आहे. मोबाईलवर अजून जुने नंबर फिरतायत, ते बघून गोंधळू नका.

ताई नमस्कार. आमचं कोपरखैरणेला सिडकोचं रो हाऊस आहे, वर एक मजला चढवलाय, आम्ही वर झोपतो. गेल्या महिन्यात पहाटे तीनला खाली खुडबुड ऐकू आली, मिसेसना वाटलं मांजर असेल. मी खाली उतरलो तर मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला आणि एक माणूस कपाटाशी, हातात कटावणी. ओट्यावर खलबत्ता होता, त्यातला पितळी बत्ता उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला, तो कटावणी घेऊन माझ्याकडे वळला तेव्हा हातावर दुसरा हाणला. तो मागच्या दारानं पळाला. दोन दिवसांनी सापडला, त्याचं मनगटाचं हाड मोडलंय म्हणे. आता मला जबाबाला बोलावलंय आणि ओळखीचे एकजण म्हणाले, तुमच्यावरच गंभीर दुखापतीची केस बसेल. तेव्हापासून झोप उडालीय. — एक वाचक, वय ५४, कोपरखैरणे

काका, आधी जरा शांत व्हा. तुम्ही जे लिहिलंय ते जसंच्या तसं खरं असेल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे आणि बऱ्यापैकी भक्कम आहे.

कलम ३५ म्हणतं की स्वतःचं शरीर, दुसऱ्याचं शरीर, स्वतःची किंवा दुसऱ्याची मालमत्ता वाचवायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि कलम ३४ म्हणतं की त्या हक्कात राहून केलेली कुठलीही गोष्ट गुन्हा ठरत नाही. आता हक्क कुठवर ते बघायचं तर कलम ४१ बघावं लागतं. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव जाईपर्यंत मजल गेली तरी चालेल असे प्रसंग त्यात दिलेत: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं किंवा स्फोटकानं उडवणं, आणि अशी चोरी किंवा घरात घुसणं की जिथं आता आपण काही केलं नाही तर मरू किंवा जबर जखमी होऊ अशी भीती वाटायला खरंच कारण असतं. रात्रीची घरफोडी कायद्यानं आगीच्या आणि जबरी चोरीच्या पंगतीला बसवलीय, आणि का बसवलीय ते तुम्हाला त्या जिन्यावर उभं राहून कळलंच असेल. अंधारात समोर एक आहे का तीन आहेत कळत नाही, हातात काय आहे दिसत नाही, वर बायको झोपलेली असते. कोयंडा उचकटून आत आला म्हणजे ती घरफोडीच, आणि पाइपवरून चढून किंवा खिडकीतून किंवा डुप्लिकेट चावीनं कुलूप उघडून आला असता तरीसुद्धा घरफोडीच, काहीतरी फुटलंच पाहिजे असं नाही.

आता जिथं लोक घसरतात ते सांगते. कलम ४१ च्या डोक्यावर कलम ३७ बसलेलं आहे, आणि ते म्हणतं की बचावासाठी जेवढी इजा गरजेची तेवढीच, जास्त नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्कच नाही. म्हणजे रात्रीचा चोर दिसला की मारून टाकायचं लायसन मिळालं असं नाही. तुमच्या बाबतीत पहिला फटका मारला तेव्हा तो घरात होता, हातात लोखंड होतं, तुम्ही त्याच्या समोर होता. दुसरा मारला तेव्हा तो तुमच्यावर वळला होता, म्हणजे तेव्हा मालमत्तेचा प्रश्नच उरला नव्हता, प्रश्न तुमच्या डोक्याचा होता. पळायला लागला तेव्हा तुम्ही थांबलात. हे तिन्ही तुमच्या बाजूचं आहे. तुम्ही त्याच्या मागं गल्लीत धावला असता, तो गटाराशी पडला असता आणि पडलेल्याच्या डोक्यात बत्ता घातला असता तर मी हे उत्तर असं लिहू शकले नसते.

मागं धावणंच चूक, असंही नाही हं. कलम ४३ नुसार चोर माल घेऊन पळत असेल तर तो पूर्ण निसटेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत किंवा पोलिसांची मदत येईपर्यंत तुमचा हक्क चालू असतो, पाठलाग करा, धरा, पाडा, पिशवी हिसकावून घ्या. पण तो घराबाहेर पडला की रात्रीच्या घरफोडीचा जो मोठा हक्क होता तो उंबऱ्यातच राहतो, बाहेर रस्त्यावर साध्या चोरीचा हक्क उरतो आणि साध्या चोरीत जीव घ्यायची मुभा नाही. अर्थात बाहेर त्यानं परत चाकू काढला तर परत तुमच्या शरीराच्या बचावाचा हक्क जागा होतो. हा हक्क असा मिनिटामिनिटाला बदलतो, आणि कोर्टात सगळा कीस पडतो तो त्या एकदोन मिनिटांचाच.

कोर्टांनाही हे कळतं. अचानक हल्ला झालेल्या माणसाची कृती सोन्याच्या काट्यावर तोलायची नसते असं सुप्रीम कोर्टानं कितीतरी वेळा सांगितलंय, आणि २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात तर या हक्काचे नियम एका ठिकाणी गोळा करून स्पष्ट म्हटलंय की अंगावर हल्ला आला तर सरळमार्गी माणसानं भेकडासारखं पळावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. भीती खरी हवी, मात्र प्रत्यक्ष इजा होईपर्यंत वाट बघायची गरज नाही.

आता जबाबाचं. हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापत, दात पडला तरी गंभीर दुखापत, त्यामुळे त्याच्या तक्रारीवरून तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे मी लपवणार नाही. पण गुन्हा दाखल होणं वेगळं आणि शिक्षा होणं वेगळं. स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते खरी, पण सरकार पक्षाला जसं निःसंशय सिद्ध करावं लागतं तसं तुम्हाला करावं लागत नाही, असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं कोर्टाला पटलं तरी पुरतं. जबाबाची नोटीस आली म्हणजे अटक आली असंही नाही, नोटिशीप्रमाणे हजर राहा, जाताना वकील बरोबर न्या.

आणि हात जोडून सांगते, खोटं बोलू नका. मी मारलंच नाही, तो ओट्याला आपटला असं सांगायचा मोह होतो, घरचे पण सांगतात, आणि मग डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये बत्त्याचा घाव दिसतो आणि खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. मारलं म्हणून सांगा, का मारलं ते सांगा, तो वळला तेव्हा तुमच्यापासून किती हातांवर होता ते सांगा. बत्ता घासूनपुसून परत खलात ठेवला असेल तर ठेवलाय म्हणून सांगा, पोलिसांनी मागितला तर पंचनामा करून द्या. उचकटलेला कोयंडा अजून बदलला नसेल तर तसाच राहू द्या, बदलला असेल तर जुना फेकू नका, फोटो काढून ठेवा, लाकडातून निघालेले स्क्रूसुद्धा एका पिशवीत ठेवा. त्या कोयंड्याइतका चांगला साक्षीदार तुम्हाला मिळणार नाही. तुम्हाला खरचटलं असेल तर तेही सरकारी दवाखान्यात दाखवून कागदावर आणायला हवं होतं, राहिलं असेल तर फोटो तरी असतील. आणि घरफोडीची तुमची स्वतःची एफआयआर झालीय ना? पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेल तर आधी ती करा, तिची कॉपी फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

समोरच्या फ्लॅटमधली माणसं गावाला गेलीयत आणि आत कोणीतरी आहे असं वाटलं तर मी मध्ये पडू शकते का, की घर माझं नाही म्हणून मी गप्प बसायचं? — सानपाडा

पडू शकता. दुसऱ्याची मालमत्ता वाचवायचा हक्कही कलम ३५ मध्ये आहे. पण बाई, तुम्ही घरातच आहात, हातात फोन आहे, चोर तुमच्या अंगावर आलेला नाही, म्हणजे मदत मागायला वेळ आहे. ११२ लावा, वॉचमनला गेट बंद करायला सांगा, जिन्यातले दिवे लावा. बाहेरून कडी घालता येत असेल तर घाला, यानं कोणी जखमी होत नाही आणि पोलीस येईपर्यंत माणूस आतच राहतो.

आमची घोडबंदर रोडला सोसायटी आहे, मागच्या बाजूला सगळं मोकळं रान आहे. ड्रेनेजच्या पाइपवरून चढून दोन फ्लॅट फुटले. कमिटीच्या मीटिंगमध्ये एकांनी सुचवलं की मागच्या कंपाउंडच्या तारेत रात्री बारा ते पाच करंट सोडायचा, टायमर लावून, खर्च पण फार नाही. बरेच जण तयार आहेत. मी कमिटीत आहे, सही करू का? — घोडबंदर रोड, ठाणे

नका करू. आणि मीटिंगच्या मिनिट्समध्ये तुमचा विरोध लिहून घ्या, आजच्या आज.

हा प्रश्न नवा नाही. बिहारमधल्या एका माणसाच्या घरचा संडास बाहेरची लोकं वापरायची, वैतागून त्यानं तिकडे जाणाऱ्या वाटेत उघडी जिवंत तार लावली. शेजारच्या बाईच्या संडासाची भिंत पडली होती म्हणून ती तिकडे गेली, हात लागला आणि जागच्या जागी गेली. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, १९६३ चा निकाल. त्याचं म्हणणं होतं की माझ्या जागेत विनापरवानगी आली, मी मालमत्ता वाचवत होतो. कोर्टानं ते मान्य केलं नाही, कोणी विनापरवानगी आत आला म्हणून त्याच्या जिवाला किंमत उरत नाही असं होत नाही, आणि निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम राहिली.

मी हा निकाल जेव्हा वाचते तेव्हा ती बाईच डोळ्यासमोर येते. ती चोर नव्हती, भिंत पडल्यामुळे अडलेली होती. तार माणूस बघत नाही. तुम्ही समोर उभे असता तर तुम्ही थांबला असता, कारण समोर कोण आहे ते तुम्हाला दिसलं असतं, पण टायमरला ते दिसत नाही. तुमच्या मागच्या कंपाउंडला रात्री बारा ते पाच कोण हात लावू शकतं याचा विचार करा: बॉल शोधायला उशिरा गेलेलं पोर, पंप चालू करायला गेलेला वॉचमन, पावसाळ्यात तर ओल्या भिंतीला नुसतं टेकलेला कोणीही. घोडबंदरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार. आणि बचावाचा हक्क सुरू होतो तो धोका समोर आला की, आधीपासून लावून ठेवलेल्या सापळ्याला तो हक्क पुरत नाही. काही झालं तर सही करणारे सगळे त्यात येतील.

पाइप चढू नये म्हणून काटेरी गार्ड बसवून घ्या, दिसेल असा. भिंतीवर खिळे किंवा तारेचं भेंडोळं ठळक बोर्ड लावून घाला, मागच्या बाजूला हालचाल झाली की पेटणारे दिवे लावा, दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या डक्टच्या खिडक्यांना ग्रील करून घ्या. या गोष्टी येणाऱ्याला आधीच दिसतात आणि परत फिरायची संधी देतात.

माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडला असते, जावई म्हणतात तिकडे घरात चोर घुसला तर घरमालकाला पूर्ण मोकळीक आहे, आणि अमेरिकेत तर सरळ गोळी घालतात. आपल्याकडेच कायदा चोरांच्या बाजूनं आहे हे खरं का? — वाशी, सेक्टर १७

जावयांचं अर्धं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून घरमालकांसाठी कायदा थोडा सैल केलाय. घरात घुसलेल्या माणसावर वापरलेली ताकद प्रमाणाबाहेर असली तरी चालू शकते, फक्त ती अगदीच अतोनात प्रमाणाबाहेर नको आणि त्या परिस्थितीत वाजवी वाटली पाहिजे. पूर्ण मोकळीक नाहीच. तिकडे टोनी मार्टिन नावाच्या शेतकऱ्याची केस खूप गाजली, ऑगस्ट १९९९, नॉरफोकमधलं एकाकी घर, रात्री दोघं घुसले, त्यानं बंदूक चालवली, एक जखमी झाला आणि दुसरा १६ वर्षांचा मुलगा पाठीत गोळी लागून मेला. मार्टिनला आधी खुनासाठी जन्मठेप झाली, अपिलात मानसिक स्थितीच्या कारणावरून खून काढून सदोष मनुष्यवध केला, २००३ मध्ये तो सुटला. अर्धा देश त्याच्या बाजूनं आणि अर्धा विरुद्ध. मला त्या केसमधला एकच शब्द पुरेसा वाटतो, पाठीत. अमेरिकेत राज्याराज्याचे कायदे वेगळे आहेत, टेक्सासमध्ये रात्रीची चोरी थांबवायलाही काही अटींवर जीवघेणी ताकद वापरता येते, दुसऱ्या राज्यात तसं चालेलच असं नाही.

आणि आपला कायदा चोराच्या बाजूनं आहे हे मला अजिबात मान्य नाही. रात्रीच्या घरफोडीत जीव जाईपर्यंतचा हक्क आपल्याकडे १८६० पासून लिहिलेला आहे. शिवाय हक्क होता, हेतू चांगला होता, बदल्याची भावना नव्हती पण घाबरून गरजेपेक्षा जास्त मारलं गेलं आणि माणूस मेला, तर आपला कायदा त्याला खून म्हणत नाही, सदोष मनुष्यवध म्हणतो, शिक्षा कमी होते. घाबरलेल्या माणसाचा विचार कायद्यात केलेला आहे. आपल्याकडे अडतं ते कलमात अडत नाही, केस वर्षानुवर्षं चालते आणि तोवर माणूस पिचतो, तिथं अडतं, आणि त्याचा राग येणं मी समजू शकते, मला स्वतःला येतो.

मी नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, वय ७१. मुलगा पुण्याला असतो. दुपारी दोन ते चार सगळी बिल्डिंग झोपलेली असते आणि तेव्हाच कोणी ना कोणी बेल वाजवतं, कुरिअर, पाइपलाइन चेकिंग, भांडी पॉलिश. मी दाराशेजारी डबीत मिरचीपूड ठेवलीय. टाकली तर मला गुन्हा लागेल का? पेपर स्प्रे घेऊन दे म्हटलं तर मुलगा म्हणतो ते बेकायदेशीर आहे. — आजी, नौपाडा

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुपारी दोन ते चार ही वेळ तुम्ही अगदी बरोबर हेरलीय, आणि चोरही तीच हेरतो.

दिवसाची घरफोडी आणि रात्रीची यात कायदा फरक करतो. दिवसा नुसता कोणी घरात घुसला किंवा चोरी करत असला तर त्याला अडवायला, ढकलायला, मारायलासुद्धा हक्क आहे, फक्त जीव घेण्यापर्यंत नाही. पण त्यानं चाकू दाखवला, तुमचा गळा धरला, तोंड दाबलं, तुम्हाला खुर्चीला बांधायला लागला, की ती साधी चोरी उरत नाही, जबरी चोरी होते, आणि मग घड्याळात दुपारचे तीन वाजलेले असले तरी फरक पडत नाही, कलम ४१ चा मोठा हक्क लागू होतो. मिरचीपूड त्या मानानं कितीतरी लहान. आत घुसलेल्या किंवा अंगावर आलेल्या माणसाच्या डोळ्यात पूड टाकली तर तुम्हाला कोणी गुन्हेगार ठरवणार नाही. फक्त दाराबाहेर उभ्या असलेल्या, नुसता संशय आलेल्या माणसावर टाकू नका, तो खरंच कुरिअरवाला असला तर गरिबाचे डोळे जातील आणि तिथं तुम्हाला बचाव मिळणार नाही. पेपर स्प्रे विकत घेणं, घरात ठेवणं बेकायदेशीर नाही, मुलाला सांगा मी सांगितलं म्हणून. पण जुन्या घरात पॅसेज अरुंद असतो, स्प्रे मारला की निम्मा आपल्याच नाकात जातो, हे लक्षात ठेवा.

कायद्यापेक्षा थोडं वेगळं बोलू का? तुमचा हक्क कितीही मोठा असला तरी ७१ व्या वर्षी त्या पॅसेजमध्ये झटापट करू नका. तो गळ्यातलं मागतोय तर द्या. लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर बसवायला मुलाला या रविवारीच बोलवा, दोन दारांच्या मध्ये बोलायची सवय लावून घ्या, चेकिंगवाला आला तर संध्याकाळी सहानंतर ये म्हणायचं, खरा असेल तो येईल. मोबाईलवर ११२ एका बटणावर सेट करून घ्या आणि खालच्या मजल्यावर ज्यांच्याकडे तुमची चावी असते त्यांचा नंबर दुसऱ्या बटणावर.

मी घरात तलवार ठेवू शकतो का? आणि रिव्हॉल्वरचं लायसन मिळतं का? — ऐरोली, वय २६

तलवार विनापरवाना ठेवलीस तर चोर यायच्या आधी आर्म्स ॲक्टखाली तूच अडकशील, ९ इंचांपेक्षा लांब पात्याच्या हत्यारांवर नियम आहेत, घरातली सुरी-विळी त्यातून वगळलीय. लायसनसाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज करता येतो, ते चौकशी करतात, कारण तपासतात, मागितलं की मिळतं असं नाही. आणि मिळालं तरी ते वापरायचं कधी याचा कायदा तोच राहतो. मोहिंदर पाल जॉली केसमध्ये कारखान्याचा मालक होता, बाहेर कामगार घोषणा देत होते, विटांचे तुकडे येत होते, त्यानं रिव्हॉल्वर काढून गोळी झाडली आणि एक कामगार मेला. हक्क होता हे सुप्रीम कोर्टानं मानलं, पण तो फार पुढं गेला असं म्हटलं आणि शिक्षा झाली. बंदूक हातात असली की मधल्या पायऱ्या राहत नाहीत रे, बत्त्यानं खांद्यावर मारता येतं.

आमच्याकडे खारघरला सोसायटीच्या ग्रुपवर टोळी फिरतेय असे मेसेज आले, मग आम्ही पोरांनी रात्रीची गस्त सुरू केली. परवा पावणेदोनला पार्किंगमध्ये एकाला धरलं, उत्तरं देईना, पळायला लागला, मग थोडा चोप दिला आणि खांबाला बांधला. पोलीस सकाळी बोलावले. पोलीस आम्हालाच ओरडले. चोराला धरणं चूक आहे का? — खारघर

धरणं चूक नाही. चोप देणं चूक आहे, आणि सकाळपर्यंत थांबणं ही तर मोठी चूक.

तुमच्या डोळ्यासमोर कोणी घरफोडी किंवा जबरी चोरीसारखा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला तर साध्या नागरिकालाही त्याला अटक करता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४० आहे. पण विनाकारण उशीर न करता आणि फार तर सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं असतं. तुमच्या पत्रात त्या माणसानं काय केलं ते कुठंच नाही. कुठलं कुलूप तोडलं, कुठला फ्लॅट, काही सापडलं का त्याच्याजवळ? उत्तर दिलं नाही आणि पळाला, एवढंच आहे, आणि रात्री पावणेदोनला काठ्या घेतलेली दहा पोरं समोर आली तर मीही पळेन. पळणारा माणूस धरला, तो खाली बसला, हात बांधले, तिथं तुमचा धोका संपला, आणि धोका संपला की बचावाचा हक्क पण संपतो, त्यापुढची प्रत्येक थप्पड ही मारहाण आहे. पाच किंवा जास्त जण मिळून हे करत असतील तर तो बेकायदेशीर जमाव होतो, आणि मग मी फक्त टॉर्च धरला होता असं म्हणून सुटता येत नाही, जमावातल्या एकानं केलेलं सगळ्यांवर येतं. त्याच्या बरगडीचं काही निघालं तर तुमच्यातल्या किती जणांचं पासपोर्टचं, नोकरीचं व्हेरिफिकेशन अडकेल याचा हिशेब करा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी आमच्याच बिल्डिंगमध्ये रात्री अडीचला आरडाओरडा झाला, मी गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेले, तर पार्किंगच्या खांबाला एक पोरगं बांधलेलं, नायलॉनच्या दोरीनं, कपडे वाळत घालायची हिरवी दोरी असते ना ती. मनगटं काळीनिळी झालेली. टेरेसवर सापडला म्हणाले. आजूबाजूला पंधरा-वीस जण, त्यात माझ्या मुलाला गणित शिकवणारे सरही होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकसारखा राग, कारण महिन्याभरापूर्वी दोन घरं फुटली होती, राग खरा होता. मी ११२ लावला आणि दोरी सैल करायला सांगितली, कोणी करेना, शेवटी मीच बसून सोडायला लागले तर गाठ इतकी आवळलेली की नखं तुटली. सर कात्री घेऊन आले. पोरगं पाणी मागत होतं, पाण्याची बाटली तोंडाला लावली तर निम्मं पाणी शर्टवर सांडलं, हात उचलता येत नव्हता त्याला.

पोलीस वीस मिनिटांत आले. तो पलीकडच्या बांधकामावर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा मजूर होता, तिथं नेटवर्क नाही म्हणून भिंतीवरून उडी मारून आमच्या टेरेसवर घरी फोन लावायला चढला होता. फोनमध्ये कॉल दिसत होता, एकोणचाळीस मिनिटांचा. आत शिरला ही त्याची चूक होतीच. त्याचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं आणि सोसायटीतल्या चार जणांना पुढची दोन वर्षं तारखांना जावं लागलं, त्यातल्या एकाचं बोलणं मला अजून आठवतं, मॅडम, मी तर फक्त दोरी आणून दिली होती.